कशावर उगवलंय ते आधी बघा

मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. नांदेड असो की लातूर, ज्या बागेला रोज पाणी मिळत नाही तिथली माती मे महिन्यात अशी उघडीच असते. वाऱ्यावर आलेला पाचोळा, शेणाचा चुरा, वाळकं गवत, फांद्यांचे तुकडे सगळं त्या भेगांत पडत राहतं. मृगाचा पाऊस झाला की चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि आत गेलेलं आतच राहतं. वरून बघणाऱ्याला फक्त ओली काळी माती दिसते. थोड्याच दिवसांत त्याच मातीतून पांढरं, पिवळं, तपकिरी, कधी शेंदरी असं काहीतरी वर येतं आणि घरातलं कोणीतरी विचारतं, "हे काय उगवलं?"

बहुतेक घरांत या प्रश्नाला एकच उत्तर मिळतं: कुत्र्याची छत्री. मग ती पायाने उडवली जाते किंवा खुरप्याने काढून कंपाउंडबाहेर टाकली जाते. या एका नावाखाली आपण कितीतरी वेगवेगळ्या जिवांना कोंबलं आहे. कवकांच्या आजवर सुमारे दीड लाख जाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत आणि प्रत्यक्षात त्या २२ ते ३८ लाखांच्या दरम्यान असाव्यात असा २०१७ मधला अंदाज आहे. त्यांतल्या काही थोड्या आपल्या अंगणात येतात. त्या ओळखायला दुर्बीण लागत नाही, सूक्ष्मदर्शकही पहिल्या फेरीत लागत नाही. आधी एवढंच बघायचं की ही छत्री कशावर उगवली आहे.

याचं कारण सरळ आहे. कवकात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे उन्हापासून त्याला स्वतःचं अन्न बनवता येत नाही. ते अन्नाच्या आतच राहतं. बारीक पांढऱ्या धाग्यांचं कवकजाल शेणात, लाकडात, पाचटात, मुळांत शिरतं, बाहेर पाचकरस सोडतं आणि विरघळलेलं शोषून घेतं. हे काम पावसाच्या आधीही चालू असतं, ओल मिळेल तितकं. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे त्याचं फळ, बीजाणू उडवण्यापुरतं वर काढलेलं. रात्रीत उगवली असं आपण म्हणतो तेव्हाही तिच्या बहुतेक पेशी आधीच कळीत तयार असतात. पाऊस त्या कळीत पाणी भरतो आणि पेशी ताणून मोठ्या होतात, म्हणून काही तासांत ती उभी राहिलेली दिसते.

विजा कडाडल्या की अळंबी येते असं कोकणात म्हणतात, आपल्याकडेही जुनी माणसं म्हणतात. जपानमध्ये इवाते विद्यापीठातल्या कोइची ताकाकी यांच्या गटाने शिताके अळंबीच्या ओंडक्यांना उच्च दाबाचे विजेचे झटके देऊन बघितले, तेव्हा उत्पादन वाढलं. लोकसमजुतीची अशी तपासणी व्हावी हे मला फार मोलाचं वाटतं. अंगणातल्या छत्रीला मात्र वीज नसली तरी चालतं, ओल लागतेच.

सुरुवात कुंडीपासून करू, कारण लोक सर्वांत जास्त घाबरतात ते तिथे. नर्सरीतून आणलेल्या कुंडीत, कोकोपीट किंवा कुजलेलं शेणखत घातलेल्या मातीत, तुळशीच्या किंवा क्रोटनच्या बुडाशी अचानक लिंबासारख्या पिवळ्याधमक छत्र्यांचा घोस दिसतो. टोपी घंटेच्या आकाराची, वर बारीक खवले, देठावर नाजूक कडं. हिचं शास्त्रीय नाव ल्युकोकॉप्रिनस बर्नबॉमी. मूळ उष्ण प्रदेशातली ही छत्री युरोपात काचेच्या उबदार घरांतून पोचली. १७८५ मध्ये जेम्स बोल्टन याने इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सजवळच्या अशाच एका काचघरातली छत्री रंगवली. पुढे १८३९ मध्ये प्राग शहरातल्या काचघरात अननसाच्या झाडांखाली ती बर्नबॉम नावाच्या बाग-अधिकाऱ्याला सापडली आणि कोर्डा या शास्त्रज्ञाने त्याच्याच नावावरून तिचं नाव ठेवलं. जगभर ती कुंड्यांबरोबर फिरली. लातूरच्या बाल्कनीत ती आली तर तीही अशीच, मातीच्या पिशवीतून आलेली असते.

ती झाडाला काही करत नाही. ती खाते कुंडीतला मेलेला सेंद्रिय माल, जिवंत मुळं नव्हेत. तरीही घरोघरी तिच्यावर बुरशीनाशकाचं पाणी ओतलं जातं. कवकजाल कुंडीभर पसरलेलं असतं, त्या पाण्याने ते संपत नाही आणि मातीतल्या उपयोगी बुरशीचं मात्र नुकसान होतं. याच भागातले शेतकरी तुरीच्या मर रोगासाठी ट्रायकोडर्मा शेणखतात मिसळून टाकतात, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स हे जैविक मिश्रण हळदीच्या कंदकुजीसाठी नांदेड-हिंगोलीत आवर्जून वापरलं जातं. ट्रायकोडर्माही बुरशीच आहे. ज्या घराने शेतासाठी बुरशी विकत आणली त्याने कुंडीतली फुकट आलेली बुरशी मारायचं कारण नाही. लहान मूल किंवा पाळीव कुत्रं ती तोंडात घालेल अशी भीती असेल तर छत्र्या हाताने खुडून टाकाव्यात, कारण खायला ती विषारी आहे. एवढंच पुरे.

आता हिरवळीकडे. बंगल्यापुढचं लॉन, शाळेचं मैदान, उद्यानातली गवताची पट्टी, जिथे जमिनीत शेणखत आणि जुनी मुळं कुजत आहेत तिथे जुलै-ऑगस्टमध्ये मोठ्या, जाड, पांढऱ्या छत्र्या येतात. टोपी वीतभर रुंद होते, तिच्यावर मधोमध तपकिरी खवले राहतात. पुष्कळदा त्या वर्तुळात उभ्या असतात. त्याचं कारण असं की कवकजाल एका बिंदूपासून सगळीकडे सारखं बाहेर सरकत जातं आणि छत्र्या येतात त्या त्याच्या बाहेरच्या काठावर. त्या काठावर कुजण्यातून नत्र मोकळं होतं, म्हणून तिथलं गवत जास्त गडद हिरवं दिसतं.

ही क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स, आणि या प्रकरणात जिच्यावर सर्वांत जास्त थांबायला हवं अशी हीच आहे. ती देखणी आहे, तिला वास चांगला येतो, आणि ती बाजारातल्या अळंबीसारखी दिसते. उत्तर अमेरिकेत चुकून खाल्ल्या जाणाऱ्या विषारी छत्र्यांत तिचाच नंबर पहिला लागतो. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब सुरू होतात. माणूस सहसा वाचतो, पण लहान मुलांच्या अंगातलं पाणी धोकादायक प्रमाणात जाऊ शकतं.

तिला ओळखण्याची एक पक्की खूण आहे. देठ कापून टोपी पांढऱ्या कागदावर पालथी ठेवायची, वर वाटी झाकायची आणि रात्रभर तशीच राहू द्यायची. सकाळी कागदावर टोपीखालच्या पडद्यांची नक्षी बीजाणूंनी उमटलेली असते. बहुतेक छत्र्यांची ही नक्षी पांढरी, तपकिरी, गुलाबी किंवा काळी असते. क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्सची हिरवट येते. कोवळ्या छत्रीचे पडदे मात्र पांढरेच असतात, हिरवटपणा वय झाल्यावर येतो, म्हणून नुसतं डोळ्याने बघून ठरवू नये.

आणि नक्षी हिरवी आली नाही म्हणून खाऊही नये. हे मी जोर देऊन लिहितो आहे. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण रंग बदलते का, किड्यांनी कुरतडली आहे का, शिजवताना हळद टाकली तर काय होतं, या सगळ्या परीक्षा निरुपयोगी आहेत. अमॅनिटा कुळातल्या काही छत्र्यांमधलं विष शिजवून जात नाही. त्याची लक्षणं सहा ते बारा तासांनी सुरू होतात, मग एखादा दिवस रोगी बरा झाल्यासारखा वाटतो आणि त्या वेळात यकृत निकामी होत असतं. आसाममध्ये २००८ साली रानातल्या छत्र्या खाऊन वीसहून जास्त माणसं गेली, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये तिथेच पुन्हा चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या कुटुंबांतली माणसं गेली. कोणी काही खाल्लं असलं तर उलटीची वाट न बघता दवाखाना गाठावा आणि उरलेली छत्री, शिजवलेली असली तरी, कागदात गुंडाळून सोबत न्यावी.

शेणाच्या उकिरड्यावर येणाऱ्या करड्या, पातळ छत्र्यांबद्दल फार लिहायला नको. त्या सकाळी येतात, दुपारी काळ्या शाईत विरघळतात. विरघळणं हाच त्यांचा बीजाणू मोकळे करण्याचा मार्ग आहे. टोपी खालच्या काठापासून स्वतःला पचवत वर जाते, म्हणजे पिकलेले बीजाणू असलेला काठ नेहमी उघडा राहतो.

त्यापेक्षा लाकडाच्या ढलप्यांकडे वाकून बघावं. गुलाबाच्या वाफ्यात पसरलेल्या ढलप्या, उसाचं पाचट, कुजकी काडी यांच्यावर पावसाळ्यात एक सेंटिमीटरहूनही लहान, तपकिरी पेले येतात. आधी त्यांच्या तोंडावर पांढरा पापुद्रा ताणलेला असतो. तो फाटला की आत मसुराच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान, चपट्या राखाडी चकत्या दिसतात. शास्त्रीय नाव सायथस, आणि इंग्रजी बोलणाऱ्या जगात हिला पक्ष्याचं घरटं म्हणतात. प्रत्येक चकतीत बीजाणू भरलेले असतात. पेल्याचा उतार असा की वरून पडलेला पावसाचा मोठा थेंब त्यात आदळला की पाणी कडांवरून जोरात वर उसळतं आणि चकतीला मीटरभर लांब फेकतं. चकतीच्या पाठीला गुंडाळलेली एक दोरी असते. उडताना ती उलगडते, तिच्या टोकाचा चिकट भाग गवताच्या पात्याला लागतो आणि चकती वेगात असल्यामुळे दोरी पात्याभोवती वेढे घेते. चकती तिथेच अडकून राहते. गवताबरोबर ती एखाद्या शेळीच्या पोटात गेली तर लेंडीतून पुढच्या खताच्या ढिगावर पोचते. हॅरॉल्ड ब्रॉडी या कॅनडातल्या शास्त्रज्ञाने या एका गटावर आयुष्य घालवलं आणि १९७५ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. मला ते आयुष्य सत्कारणी लागलेलं वाटतं. पावसाच्या थेंबाची ताकद वापरायला शिकलेला जीव आपल्या गुलाबाच्या वाफ्यात असतो आणि तो बघायला फक्त गुडघे टेकावे लागतात.

वारुळाची गोष्ट फार जुनी आहे. नागपंचमीला मराठवाड्यातल्या बायका वारुळाला दूध-लाह्या घेऊन जातात. त्याच सुमाराला वारुळाच्या अंगावरून, किंवा बागेत वाळवीचं घर जमिनीखाली असेल तर सपाट मातीतून, टोकदार डोक्याच्या छत्र्या वर येतात. पूर्व विदर्भात त्यांना सात्या म्हणतात आणि पावसाळ्यात त्या बाजारात येतात. गोव्यात त्या शेकड्यावर विकल्या जातात आणि त्यांची किंमत मटणाच्या वर जाते. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये या कुळाला टर्मिटोमायसिस हे नाव दिलं.

वाळवीला लाकडातलं लिग्निन स्वतःहून नीट पचत नाही. ओडोंटोटर्मीस जातीच्या वाळव्या वाळकं गवत, लाकूड, शेणी कुरतडून आणतात, विष्ठेतून त्याचे सच्छिद्र गोळे रचतात आणि त्यावर हे कवक वाढू देतात. कवक तो माल मऊ करतं, वाळव्या ते गोळे आणि त्यावर येणाऱ्या बारीक पांढऱ्या गाठी खातात. ही शेती सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली असं मानलं जातं. माणसाची शेती तिच्यापुढे कालची. पाऊस पडला की वाळवीच्या घरातून कवकाचा एक लांब देठ मातीतून वाट काढत वर येतो. म्हणून ही छत्री उपटली तर देठ संपतच नाही, तो कधीकधी मीटरभर खाली वारुळापर्यंत गेलेला असतो.

याच कुळातली एक अगदी लहान जात, टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस, वेगळं वागते. तिच्या बाबतीत कामकरी वाळव्या गोळ्यांचे तुकडेच उचलून जमिनीवर आणून टाकतात आणि त्यांतून नखाएवढ्या शेकडो पांढऱ्या छत्र्या एकदम येतात. आदल्या दिवशी रिकामी असलेली लिंबाखालची जागा सकाळी पांढरी झालेली दिसते ती यामुळे. जिथे असं दिसेल तिथे घराच्या पायापाशी वाळवी किती जवळ आहे हे मात्र तपासून घ्यावं.

या अळंबीची शेती माणसाला अजून जमलेली नाही. रानातून जेवढी येते तेवढीच. गोवा विद्यापीठातले नंदकुमार कामत यांनी तिच्यावर अनेक वर्षं काम केलं आणि वारुळं खणून, कळ्यांसकट ओरबाडून काढण्याविरुद्ध सातत्याने लिहिलं. बीजाणू पडायच्या आत सगळी छत्री टोपलीत गेली तर नव्या वारुळात कवक पोचणार कुठून, हा त्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. ज्याला घरी अळंबी खायची आहे त्याच्यासाठी लागवडीची धिंगरी अळंबी आहे. लातूर जिल्ह्यात सोयाबीनचं भुसकट भरपूर असतं आणि धिंगरी त्यावर चांगली येते.

एका पाहुण्याबद्दल लोक विशेष विचारतात. पाचट टाकलेल्या वाफ्यावर सकाळी पिठलं सांडल्यासारखा पिवळा, फेसाळ गोळा पडलेला असतो. संध्याकाळी तो हातभर सरकलेला दिसतो. दुसऱ्या दिवशी तो वाळून त्याची खरपुडी होते आणि बोट लावलं की आतून काळपट भुकटी उडते. हा फुलिगो सेप्टिका. तो कवक नाहीच. तो अमीबाच्या जवळचा जीव आहे, असंख्य केंद्रकं असलेला एकच मोठा पेशीद्रव्याचा गोळा. तो जिवाणू आणि कुजका माल गिळत सरकतो. १९७३ मध्ये अमेरिकेत डॅलसजवळच्या अंगणांत तो आला तेव्हा हा परग्रहावरचा जीव आहे अशी आवई उठली होती. त्याच्या एका नातलगाला जपानमध्ये तोशियुकी नाकागाकी यांनी २००० साली चक्रव्यूहात सोडलं, तर त्याने दोन टोकांच्या अन्नामधला सर्वांत जवळचा रस्ता शोधला. २०१० मध्ये टोकियोभोवतीच्या गावांच्या जागी ओट्स ठेवले तेव्हा त्याने तिथल्या रेल्वेच्या जाळ्याशी मिळतंजुळतं जाळं विणलं. मेंदू नसताना. बागेत तो आला तर राहू द्यावा, एक-दोन दिवसांत तो आपणच संपतो.

झाडांच्या दृष्टीने काळजी करण्यासारखं एकच ठिकाण आहे, उभ्या झाडाचा बुंधा. गुलमोहराच्या, सुबाभळीच्या किंवा बाभळीच्या बुडाशी लालसर तपकिरी, वरून लाख फासल्यासारखी चकाकणारी, लाकडासारखी टणक अर्धगोल फळी दिसली तर ती गॅनोडर्मा असण्याची शक्यता मोठी आहे. तिच्यावर आणि आजूबाजूला कोकोसारखी तपकिरी धूळ बसलेली असते, ते बीजाणू. इथे अन्न म्हणजे जिवंत झाडाचं आतलं लाकूड आणि मुळं. फळी बाहेर आली याचा अर्थ आत कुजणं बरंच पुढे गेलं आहे. फळी तोडून टाकल्याने काही होत नाही. असं झाड घराकडे, विजेच्या तारांकडे किंवा शाळेच्या वाटेकडे झुकलेलं असेल तर वादळी पावसाच्या आधी जाणकाराकडून तपासून घ्यावं. गुलमोहर तसाही वाऱ्यात लवकर पडतो.

झाडावरच्या अशा टणक कवकांचा औषधी वापर महाराष्ट्रात जुना आहे. फणसाच्या झाडावर येणारा फणसोंबा सहाणेवर उगाळून लहान मुलांच्या लाळ गळण्यावर आणि तोंड येण्यावर देतात. पुणे विद्यापीठातले जे. जी. वैद्य यांनी १९९३ मध्ये या लोकौषधाची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली. तो फेलिनस गटातला आहे. पण बुंध्यावरची कुठलीही फळी फणसोंबा समजून उगाळू नये.

महाराष्ट्रातल्या कवकांचा अभ्यास जास्त करून सह्याद्रीत झाला. साहजिक आहे, तिथे पाऊस आहे. भीमाशंकरच्या जंगलात रात्री उजळणारी मायसीना बघायला माणसं लांबून जातात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर कवक-संग्रहालय आहे, तिथे वाळवलेले नमुने पाकिटांत जपून ठेवलेले आहेत. मराठवाड्याची सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर, त्यातही खंड पडतात, म्हणून इथे काय असणार असं वाटतं. पण कोरड्या प्रदेशाची स्वतःची कवकं असतात. पोडॅक्सिस ही त्यांतली एक. लिनियसने १७७१ मध्येच तिची नोंद केली होती. रेताड जमिनीत आणि वारुळांवर ती येते, तिची टोपी छत्रीसारखी उघडत नाही, मिटलेलीच राहून आत काळपट भुकटी पिकते. कोणाला नोंद करायची असेल तर तारीख, जागा, कशावर उगवली आहे, ताजेपणी रंग आणि वास, आणि वरून-खालून-बाजूने असे तीन फोटो एवढं ठेवावं. नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला तर घाम सुटून कुजतो, कागदी पाकिटात टिकतो.

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात बागांना पाणी घालण्याचा प्रश्नच नव्हता. पण आंब्याच्या वाळक्या फांदीवर किंवा मागच्या दारच्या सरपणावर अशा कोरडीतही तग धरणारं एक कवक असतं, स्किझोफायलम कम्यून. पंख्याच्या आकाराचं, पांढरट करडं, वरून केसाळ. त्याचे खालचे पडदे मधोमध चिरलेले असतात. कोरड पडली की प्रत्येक चीर उलगडून दोन्ही बाजूंना वळते, बीजाणूंची बाजू आत झाकली जाते आणि ते तसंच थांबतं. आर्थर बुलर या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे वाळलेले नमुने हवा काढलेल्या काचनळीत बंद केले. जवळपास पन्नास वर्षांनी, १९६२ मध्ये, ते ओले केले तेव्हा पडदे उघडले आणि त्यांनी बीजाणू सोडले. हे घरीही बघता येतं. जानेवारी-फेब्रुवारीत सरपणातली अशी एखादी काडी शोधावी, तिच्यावरचा पंखा उलटा करून मिटलेले पडदे नीट बघून घ्यावेत, मग ताटलीत ओला कपडा अंथरून त्यावर ती ठेवावी आणि काही तासांनी भिंगातून पुन्हा बघावं.